पितृपक्षातले लग्न

आमच्या खापरपणजोबांचे लग्न कधी आणि कोणत्या घराण्यात झाले, हे शोधण्याच्या नादात मी गेल्या वर्षी अठरा हजार रुपये घालवले. मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा १९५३ सालचा. त्यामागे जायचे तर घरातली कागदपत्रे आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या हाच मुख्य आधार, आणि त्यांतले बरेचसे मोडीत असल्यामुळे माझ्यासारख्याला ते दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे लागते. या अडचणीवरच त्या गृहस्थाचा धंदा चालत होता.

नाशिकच्या जुन्या वह्यांतून पूर्वजांची लग्ने शोधून देतो, असे तो सांगत असे. वह्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात, हे खरेच कारण पुढे करून त्याने अर्ध्या रकमेबरोबर घरची वंशावळही मागून घेतली. काकांनी टंकलिखित करून ठेवलेली वंशावळ मी जशीच्या तशी पाठवली. पंधरा दिवसांत मोडी पानांची छायाचित्रे आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर आले. चार पिढ्यांच्या लग्नांच्या तिथी, प्रत्येक वधूचे माहेर, काहीही बाकी नव्हते. उरलेली रक्कम मी त्याच संध्याकाळी भरली.

खापरपणजोबांच्या लग्नाची तिथी ‘शके १७६७, रक्ताक्षी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमी’ अशी दिली होती. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६०ने भागले की येणाऱ्या बाकीइतके संवत्सर साठांतल्या पहिल्या, म्हणजे प्रभवापासून मोजायचे. १७६७ला बाकी ३९ येते आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसू आहे. संवत्सर लिहिताना कोणाचा हात चुकला असेल, असे एक वेळ मानता येईल. पण ऐन पितृपक्षात लग्न लावणारे घराणे निदान आमचे तरी नव्हे. उरलासुरला संशय आत्याने फेडला. पणजीच्या माहेरचे आडनाव काकांनी चुकीचे टंकले होते, हे तिने पाहताक्षणी सांगितले, आणि तेच चुकीचे आडनाव पणजीच्या काळात लिहिलेल्या म्हणवणाऱ्या पानावरही उमटले होते. माझेच कागद मला मोडीतून परत विकले गेले होते. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

पुढे आत्याला घेऊन मी स्वतः नाशिकला गेलो आणि आमच्या गावाची वही ज्यांच्याकडे आहे त्या उपाध्यायांना भेटलो, तेव्हा मुळात मी काय मागत होतो हे कळले. ही वही लग्नाची नव्हेच. कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धासाठी आले की यजमान आपले, वाडवडिलांचे आणि भावा-मुलांचे नाव लिहून सही करतो. श्राद्धात आई, आजी, पणजी आणि मातामहांचा उच्चार होत असल्यामुळे ती नावेही कधी कधी उतरलेली असतात. लग्न त्यातून केवळ अनुमानाने काढावे लागते. आमच्या खापरपणजोबांच्या हातची शके १७६५ची नोंद आहे, तिच्यात पत्नीचे नाव नाही. शके १७७१च्या नोंदीत ते आहे, पुढे एका मुलाचेही. लग्न या सहा वर्षांत केव्हातरी झाले असावे. वधूचे माहेर तिथे कोणी लिहिलेले नाही.

उपाध्यायांनी दक्षिणा किती द्यावी हे सांगितले नाही. आत्याने पाचशे एक रुपये ठेवले.