सारंगखेड्याची घोडी : आठ महिन्यांनंतर

दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला मारवाडी घोडी घेतली, त्याला आता आठ महिने झाले. घोडी कशी निघाली, असं गावातले विचारतात. घोडी चांगली निघाली. पण या आठ महिन्यांतला निम्मा मनस्ताप घोडीमुळे झालाच नाही. तो मी आणि व्यापारी एकमेकांशी जे बोललो नाही त्यामुळे झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

व्यापारी आपल्याच भागातला. ‘भाऊ, घोडी गरीब शे,’ हे त्याने तीनदा सांगितलं, आणि तापीकाठच्या त्या गर्दीत, ढोलाच्या आवाजात ती खरोखर मान खाली घालून उभी होती. मी पाय उचलून पाहिले. कानांची टोकं एकमेकांना टेकत होती. तोंड उघडून पाहिलं तर कडेचे दुधाचे दात अजून पडायचे होते, म्हणजे साडेचार वर्षांच्या आतली. त्याने चार सांगितलेली, ते बरोबर होतं. देवमण (गळ्यावरचा, शुभ मानतात तो भोवरा) होता, आसूढाळ (डोळ्याखालचा, अशुभ मानतात तो) नव्हता. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद मागितला, तो त्याने लगेच काढून दिला. (हा कागद पाहिल्याशिवाय इसार देऊच नका. हा रोग माणसालाही होतो आणि जनावर मारावंच लागतं.) भोवऱ्यांवर आमचा पाऊण तास गेला. ती रोज काय खाते, हे मात्र मी विचारलं नाही.

घरी आणल्यावर तिसऱ्या रात्री ती लोळायला लागली. सारखी वळून पोटाकडे बघायची, अंग घामाने भिजलेलं. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात बिघडलेलं वरून बाहेर पडायला वाटच नसते. डॉक्टरांनी रात्री दोन वाजता नाकातून नळी घातली, पहाटे तिने लीद टाकली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मी प्रेमाने भिजवलेला हरभरा पहिल्याच दिवसापासून भरपूर घातला होता. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘ती तर कोरड्या चाऱ्यावर आणि थोड्या चोकरावर होती, तुम्ही इचारलंच नाही.’ मी ‘फसवलं’ म्हणालो. त्याने फोन ठेवला. पुढे तीन महिने आमचं बोलणं नव्हतं.

त्यातच ती ताजीतवानी झाली आणि तिचा खरा स्वभाव दिसला. मागच्या डाव्या पायाला हात लावू देईना. पिकअपमध्ये चढेना. मी यात्रेत ‘काही खोड आहे का?’ असं विचारलं होतं, तो ‘नाही’ म्हणाला होता. त्याच्या लेखी खोड म्हणजे चावणं आणि लाथ मारणं. तिने दोन्ही कधी केलं नाही.

एप्रिलमध्ये मी त्याच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. तिथे कळलं की घोडी त्याच्याकडे अकराच दिवस होती, त्यातले दोन राजस्थानहून येताना ट्रकमध्ये गेलेले. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने सांगितलं. ती गरीब नव्हती, थकलेली होती. मग त्याने त्याचा मोबाईल माझ्या हातात दिला. रात्री बारा-एकला ‘लास्ट किती?’ म्हणून गिऱ्हाइकांचे मेसेज. चाल दाखवा, पुन्हा दाखवा, उजवीकडून दाखवा. एकाने भाव पक्का केला, ‘उद्या इसार टाकतो’ म्हणाला, आणि याने त्याच्या शब्दावर दुसरं गिऱ्हाईक परत लावलं. तो पुढे फोनच उचलेना. बांधलेलं जनावर रोज खातं, त्याचा पैसा कोण देतो? मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतःही या घोडीआधी दोघांना ‘कळवतो’ म्हणून कळवलं नव्हतं. मला ती साधी रीत वाटत होती. आता वाटत नाही. घ्यायचं नसेल तर तसं त्याच दिवशी सांगावं, एवढं आपण गिऱ्हाइकांनी पाळलंच पाहिजे.

घोडीविषयी सांगायचं तर राहवाल चाल (न उसळवता नेणारी मऊ चाल) सुरेख, तासभर बसलं तरी कंबर दुखत नाही. रोज खरारा करताना हात हळूहळू खाली नेत दोन महिन्यांत डावा पाय मोकळा झाला. नालबंद दीड महिन्याने येतो, त्याला आता दुसरा माणूस धरायला लागत नाही. हरभरा आहे, पण मूठ-मूठ वाढवत नेलेला.

पिकअपचं तेवढं राहिलं होतं. परवा व्यापाऱ्याचाच फोन आला. त्याने राजस्थानातल्या आधीच्या मालकाला गाठून विचारलं होतं. फळीवर टाप वाजली की ती बिचकते, गाडी मागे घेऊन बांधाला टेकवली की आपोआप चढते. काल शेतात तसं करून पाहिलं. पहिल्यांदा थबकली, पुन्हा फिरवून आणली तेव्हा चढली.