बुरशीच्या नावाखाली विष विकलं, आम्ही फसलो

गेल्या खरिपात आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातल्या गावात एक गाडी आली. भोंग्यावर ‘मक्यावरच्या अळीचा सेंद्रिय इलाज’ असं ओरडत पारावर थांबली. त्या दिवशी मी घेतलेल्या तीन बाटल्यांपायी धाकटा भाऊ जिवावरच्या दुखण्यातून गेला. अशी गाडी तुमच्याही गावात येऊ शकते, म्हणून सगळं लिहितोय.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात आली आणि तेव्हापासून मका पेरणाऱ्याला चैन नाही. ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, दडून बसते, वरून नुसता भुशासारखा विष्ठेचा थर दिसतो. शेतीशाळेत कृषी सहायकांनी सांगितलं होतं की मेटारायझियम, नोमुरिया या बुरशा अळीवर चालतात. गाडीवाल्याच्या तोंडीही हीच नावं होती, म्हणून माझा विश्वास बसला. “भाऊ, ही बुरशी आहे, औषध नाही. रुमाल-हातमोजे काही लागत नाही, भरदुपारी मारा,” असं तो म्हणाला. एकराला एक बाटली, १,४५० रुपये. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून आकडा लिहून दिला.

पहिला एकर मी सकाळी मारला. पाण्यात ओतताच ते दुधासारखं पांढरंफट झालं आणि नाकात रॉकेलसारखा उग्र वास गेला. क्लोरोपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक ओतलं की अगदी असंच होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच वावरात गेलो तर पोंग्यांत अळ्या मरून पडलेल्या, काळ्या, लिबलिबीत. मी खूश झालो आणि उरलेले दोन एकर भावाकडे दिले. सेंद्रियच आहे म्हणून उघड्या अंगानं, अनवाणी, दुपारभर तो पंप मारत होता.

संध्याकाळी धुऱ्यावर बसला तो उठेचना. “दादा, मले गरगरून राह्यलं,” म्हणाला. मग उलट्या, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम. रात्रीच बुलडाण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध मारलं? मी म्हटलं, औषध नाही साहेब, बुरशी आहे. त्यांनी पापणी उचलून बॅटरी धरली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. “बुरशीनं असं होत नाही,” एवढंच बोलून त्यांनी विषबाधेवरचं ॲट्रोपिनचं इंजेक्शन सुरू केलं. पाच दिवस तो दवाखान्यात होता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली हे आपण विदर्भातल्या माणसांनी पाहिलंय. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढं तेच होतं.

नंतर कृषी विज्ञान केंद्रात गेलो तेव्हा समजलं, अळ्या एका रात्रीत मेल्या हीच विषाची खूण होती. खऱ्या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, अळीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत वाढतात. अळी आधी खाणं सोडते, मरायला चार-सात दिवस लागतात. त्यासाठी हवेत ओलावा हवा. कडक उन्हात बीजाणू मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. तिथूनच मेटारायझियमच्या भुकटीचा पुडा आणला, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम घातली आणि झिमझिम पावसाच्या दिवसांत पोंग्यात मारली, या वेळी तोंडाला रुमाल बांधून. सहाव्या दिवशी एक पोंगा उकलला. आत अळी पानाला घट्ट चिकटलेली, काडीसारखी कडक, आणि अंगावर पोपटी भुकटी. बोट लावलं तर ती बोटाला लागली. सगळ्या अळ्या मेल्या नाहीत, हेही सांगतो. मोठ्या झालेल्या बऱ्याच वाचल्या. अळी लहान असतानाच मारायला हवं होतं. पण बुरशी खरी होती. १८७९ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यात मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी हिचा प्रयोग केला तोही गव्हावरच्या भुंगेऱ्यासाठी. इतक्या जुन्या, धान्याच्या पिकासाठीच आजमावलेल्या गोष्टीचं नाव हे लोक बुडवतात, याचा मला फार राग आहे. आता आमच्या गावात बुरशी म्हटलं की लोक हात झटकतात.

पुड्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, एका ग्रॅममध्ये बीजाणू किती, सगळं छापलेलं होतं. कीटकनाशक कायदा १९६८ खाली जैविक कीटकनाशकालाही नोंदणी लागते. माझ्या बाटलीवर नुसतं ‘१००% सेंद्रिय’ आणि हिरवं पान.

पंचायत समितीत तक्रार द्यायला गेलो तर साहेबांनी दोनच गोष्टी मागितल्या: पक्कं बिल आणि सीलबंद बाटली. माझ्याजवळ वहीचा कागद आणि तीन रिकाम्या बाटल्या. गाडीवाल्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. फोडलेल्या बाटलीचा नमुना तपासणीला चालत नाही, असं मला सांगितलं.

म्हणून मोताळा, मलकापूर, नांदुरा भागात कोणाकडे त्या गाडीवरची न फोडलेली बाटली पडून असेल, तर ती फेकू नका, उघडूही नका. लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि तशीच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे न्या. मी सोबत यायला तयार आहे.