पहारेकरी ॲपला मराठी येत नाही

मुलांच्या फोनवर नजर ठेवणारं ॲप आठ महिने पैसे भरून वापरलं, मागच्या आठवड्यात बंद केलं. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच जातीची आणखी दोन ॲप्स मैत्रिणींच्या फोनवर बघितली आणि दुखणं सगळ्यांचं एकच निघालं.

मी आयसीयूत नर्स आहे. महिन्यातले दहा दिवस रात्रपाळी. घरी १४ वर्षांची मुलगी, ११ वर्षांचा मुलगा आणि गादीला पाठ टेकली की घोरायला लागणारा नवरा. त्यामुळे ‘तुम्ही घरी नसताना लक्ष आमचं’ ही जाहिरात थेट माझ्यावरच नेम धरून आली होती.

चांगलं ते आधी सांगते. बसवायला अर्धा तास लागला. साडेनऊला गेम आपोआप बंद होतो, नवीन ॲप टाकायचं तर आधी माझ्या फोनवर परवानगी मागितली जाते. ‘अजून दहाच मिनिटं’ हे रोजचं भांडण माझ्याऐवजी ॲपशी व्हायला लागलं, एवढ्यावरच मी पहिले दोन महिने खूश होते. पण हे सगळं गूगलचं फॅमिली लिंक २०१७ पासून आणि आयफोनमधला स्क्रीन टाइम २०१८ पासून फुकटात करतात. मला हे पैसे भरल्यावर समजलं.

पैसे खरे घेतात ते मेसेज वाचून धोका ओळखण्याचे. अँड्रॉइडवर ॲप ॲक्सेसिबिलिटीची (अपंगांना फोन वापरता यावा म्हणून असलेल्या सोयीची) परवानगी मागतं आणि पडद्यावर उमटणारा मजकूर वाचतं. आयफोनवर दुसऱ्या ॲपला अशी मुभाच नसते, तेव्हा मुलांकडे आयफोन असेल तर हा भाग विसरा.

पहिल्या आठवड्यात मला ४३ अलर्ट आले. त्यातले ३१ मुलाच्या गेममधल्या ‘किल’ या एका शब्दाचे. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधल्या ‘ड्रग’ शब्दावर तर रात्री दोन वाजता फोन थरथरला. आयसीयूत आम्हाला हे चांगलं माहीत असतं. मॉनिटर विनाकारण वाजत राहिला की कान बधिर होतात आणि खरा अलार्म वाजतो तेव्हा कुणी मान वर करत नाही. तिसऱ्या आठवड्यात मीही न वाचताच अलर्ट पुसायला लागले होते.

मग एका सुट्टीच्या दिवशी मुलाला शेजारी बसवलं आणि माझ्या फोनवरून त्याच्या फोनवर एकेक मेसेज पाठवत गेले. ‘आईला सांगू नकोस हं, आपलं सिक्रेट.’ ‘तू बाकीच्या मुलांसारखा नाहीस.’ ‘घरी कुणी नसलं की मिस्ड कॉल दे.’ आधी देवनागरीत, मग मुलं टाइप करतात तसं इंग्रजी अक्षरांत. ॲप ढिम्म. शेवटी इंग्रजीत ‘आय विल किल यू’ पाठवलं, तर चार सेकंदांत लाल पट्टी! मुलगा हसून लोळत होता, माझ्या मात्र पोटात गोळा आला. मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस शिव्या देत नाही, गोड बोलतो. आणि आमच्या मुलांशी तो मराठीतच गोड बोलेल. कंपनीला लिहिलं, तर ‘आणखी भाषा लवकरच’ असं उत्तर आलं. त्याला आता पाच महिने झाले.

वेबसाइट गाळण्याचं कामही असंच. ॲप फोनमध्ये स्वतःचं व्हीपीएन, म्हणजे फोनचं सगळं इंटरनेट ज्यातून जातं असा मार्ग, चालवून ते करतं. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे मुलाने मित्राच्या सल्ल्याने दुसरं चालू केलं की आमचा पहारेकरी आपोआप घरी. शिवाय फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली ॲप्स बंदच असतात. हेही मला त्यानेच दाखवलं, आणि वर अभिमानाने.

आता माझी चूक. या ॲपमध्ये चिन्ह लपवायची सोय आहे आणि मुलीच्या फोनवर मी ती वापरली. तीन आठवड्यांनी तिने बॅटरी कोण खातंय ते बघितलं, अनोळखी नाव दिसलं, शोधलं. आरडाओरडा केला नाही. म्हणाली, ‘विचारलं असतंस तर मीच लावून घेतलं असतं. आता मी काय लिहायचं ते ठरवून लिहिते.’ पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं. मेसेज वाचणं मी तिच्यासमोर बंद केलं.

त्यानंतर महिनाभराने रात्री साडेअकराला वॉर्डात तिचा फोन. तिच्या मैत्रिणीला कुणीतरी एका फोटोवरून धमकावत होतं, पैसे मागत होतं. पैसे द्यायचे नाहीत, चॅट उडवायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ते खातं रिपोर्ट आणि ब्लॉक करायचं, हे फोनवरच सांगितलं आणि लगेच मैत्रिणीच्या आईला उठवलं. दुसऱ्या दिवशी ‘टेक इट डाउन’ वापरलं. १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठीची ही मोफत सेवा आहे. फोटो फोनबाहेर जात नाही. त्याचा आकड्यांतला ठसा तेवढा जातो आणि सेवेत सामील असलेल्या साइट्स त्यावरून तो फोटो शोधून हटवतात. त्या दिवसाचा आमच्या ॲपचा अहवाल होता, ‘काळजीचं काही नाही.’ त्याची तरी काय चूक, ते बोलणं आमच्या फोनवर झालंच नव्हतं.

सध्या फॅमिली लिंकवर झोपायची वेळ आणि ॲपची परवानगी एवढंच ठेवलंय. मुलीचं इन्स्टाग्राम टीन अकाउंट, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीचं खातं, आहे. अनोळखी माणूस तिला मेसेज करू शकत नाही. गेल्या सात दिवसांत ती कुणाशी बोलली ते मला दिसतं, काय बोलली ते दिसत नाही. तिला हे चालतं, मलाही.

पाचपैकी दोन तारे, तेही साडेनऊच्या कुलपाचे. बंद करणार असाल तर आधी मुलांच्या फोनवरून ॲप काढा आणि मगच खातं रद्द करा. मी उलट केलं, आणि ॲप काढायचा पिनच चालेना. शेवटी मुलाने सेफ मोडमध्ये जाऊन काढून दिलं.