अपाचे बेंच: छोटं, कामाचं, पण मॅन्युअल नीट वाचा

वेब सर्व्हरवर झटपट लोड (एकदम खूप रिक्वेस्ट) टाकून पाहायला ‘एबी’, म्हणजे अपाचे बेंच ही कमांड, अजूनही उत्तम. ‘एबी -एन १००० -सी ५० -के’ आणि पुढे पत्ता. म्हणजे एकूण १००० रिक्वेस्ट, एका वेळी ५०, कनेक्शन चालू ठेवून. ‘-के’ विसरलात तर दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडतं आणि आकडे पडतात. पत्त्याच्या शेवटी डोमेननंतरची तिरकी रेघ हवीच, नाहीतर थेट एरर.

मॅन्युअल पेज नेमकं आहे, पण फार त्रोटक. ‘-टी ६०’ (६० सेकंदांची वेळमर्यादा) दिलं की आतून ५०,००० रिक्वेस्टची मर्यादा लागते. वेगवान सर्व्हरवर चाचणी मिनिटाआधीच संपते. मोठी ‘-एन’ त्याच्यानंतर लिहा. हा क्रम उदाहरणासकट द्यायला हवा होता. डायनॅमिक (दर वेळी नव्याने तयार होणाऱ्या) पानाची लांबी बदलली की रिक्वेस्ट ‘फेल’ मोजली जाते, तिथे ‘-एल’ वापरा.

रिपोर्टमध्ये सरासरीपेक्षा ९५ आणि ९९ टक्क्यांच्या ओळी बघा, म्हणजे तितक्या टक्के रिक्वेस्ट किती वेळात पूर्ण झाल्या ते. ‘नॉन-२एक्सएक्स’ (यशाचा कोड न मिळालेली उत्तरं) ओळ दिसली तर वेगावर विश्वास नको: एरर पानं बहुधा लवकर परततात!

एबी एकाच थ्रेडवर चालतं, म्हणजे प्रोसेसरचा एकच कोअर वापरतं. तो कोअर १०० टक्के भरला, तर तुम्ही सर्व्हर नव्हे, एबीच मोजताय. तिथून पुढे अनेक थ्रेड वापरणारं ‘डब्ल्यूआरके’ हे टूल घ्या.