फेअरबँक्स हाऊस, डेडहॅम: वाढत गेलेले घर जसेच्या तसे

बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावातील फेअरबँक्स हाऊस हे उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांपैकी सर्वांत जुने मानले जाते. यॉर्कशायरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्स यांनी ते आपल्या कुटुंबासाठी उभारले. घराच्या तुळयांमधील वार्षिक वाढीची वर्तुळे मोजून ती झाडे १६३७ ते १६४१ या काळात तोडली गेल्याचे निश्चित झाले आहे, त्यामुळे त्याच्या वयाचा दावा केवळ घराण्याच्या आठवणींवर उभा नाही.

आता संग्रहालय असलेल्या या घराचे खरे मोल मात्र वयापेक्षा त्याच्या प्रामाणिकपणात आहे. अमेरिकी स्वातंत्र्यलढ्यातील देशभक्त पॉल रिव्हिअर यांचे बॉस्टनमधील घर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्त करताना नंतर चढवलेला मजला उतरवून त्याला सतराव्या शतकाचे रूप देण्यात आले. इथे तसे झालेले नाही. मधोमध विटांची भक्कम चिमणी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि वर तशाच खोल्या, हा मूळ आराखडा आहे. पुढे मागच्या बाजूस उतरते छप्पर ओढून जागा वाढवली गेली आणि त्यानंतर दोन्ही अंगांना स्वतंत्र छपरांच्या नव्या खोल्या जोडल्या गेल्या. घराण्याच्या आठ पिढ्यांनी आपापल्या गरजेनुसार केलेले हे बदल बाहेरून पाहतानाही वेगवेगळे ओळखता येतात, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा ते अधिक शिकवतात.

आत गेल्यावर ओकच्या जाड तुळयांकडे आवर्जून पाहावे. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले सांधे आजही भार पेलत आहेत. छपराचा कणा मध्ये खचलेला दिसतो. तो सरळ करून टाकलेला नाही, हे मला फार योग्य वाटते.

घर मार्गदर्शकासोबतच पाहता येते आणि हिवाळ्यात ते बंद असते, म्हणून जाण्यापूर्वी वेळा पाहून घ्याव्यात. छत बुटके, जमीन असमान आणि जिने अरुंद असल्यामुळे भारतातून आलेल्या वयस्कर आईवडिलांना नेताना त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी करावा; त्यांना बाहेरून फेरी मारूनही बरेच पाहता येईल. भव्य दिवाणखाने पाहण्याची अपेक्षा असलेल्यांनी दुसरे ठिकाण निवडावे. बांधकामाची आवड असलेल्यांनी मात्र भरपूर वेळ राखून जावे आणि चिमणीभोवतीचा सांगाडा मार्गदर्शकाकडून नीट समजून घ्यावा.