‘जय हिंद सर’ म्हणाला आणि 51,900 घेऊन गेला

आमच्या फाटकावर दोन पाट्या आहेत. वरची ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’, जशी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर दर तिसऱ्या घरावर असते. खाली लहान अक्षरांत दुसरी: ‘सैनिक व माजी सैनिकांना निम्मं भाडं’. ही दुसरी मी 2016 साली लावली. थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावहून सुट्टीवर आले की त्यांची ट्रंक उचलायला आम्ही पोरं एसटीच्या थांब्यापर्यंत पळायचो. ते गेल्यावर त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मनात होतं. चार खोल्या असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्यानंतरच्या सात वर्षांत पाटीचा फायदा घेतलेले लोक मोजून नऊ-दहा असतील. खरा फौजी सवलत मागतच नाही. नौदलातला एक जण दोन दिवस राहिला, निम्मे पैसे देऊन गेला आणि उरलेले निम्मे उशीखाली ठेवून गेला. चादर बदलताना सापडले. मला गंडवणारा मात्र पाटी वाचूनच आला. कुणा पाहुण्याने फाटकाचा फोटो नकाशावरच्या आमच्या पानावर टाकला होता, त्यात पाटी आणि मोबाईल नंबर दोन्ही स्वच्छ दिसत होते.

2023 चा एप्रिल संपत आला होता. पडवीत पेंढा पसरलेला, पेट्या भरणं चाललेलं, हाताला चीक. अकराच्या सुमारास फोन आला. ‘जय हिंद सर!’ आवाज इतका खणखणीत की मी पाटावरून उठून उभा राहिलो. आज हसू येतं, पण राहिलो खरा.

म्हणाला, पुण्याला खडकीत पोस्टिंग आहे. सीमेवरून परतलेले काही जवान कुटुंबांसह मे महिन्यात येणार, चार खोल्या, दोन रात्री. शिवाय युनिटसाठी हापूसच्या दहा पेट्या. भाव विचारला, पण घासाघीस केली नाही. इथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. आंब्याचा भाव ऐकून गप्प बसणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलेलं नाही! उलट मीच पेटीमागे पाचशे कमी केले. खोल्यांचे 9,600 आणि पेट्यांचे 25,000, मिळून 34,600. ‘आधा एडवांस अभी भेज देता हूँ सर, आर्मी में उधार नहीं चलता.’ निम्मे म्हणजे 17,300.

मी काही मागायच्या आत व्हॉट्सॲपवर फोटो येऊ लागले. ओळखपत्र, आधार, कॅन्टीन कार्ड, गणवेशातला फोटो. मी एकेक उघडून बायकोला दाखवत होतो. मुलाने तेवढ्यात खडूने दोन पेट्यांवर ‘जय जवान’ लिहूनही टाकलं.

मग ‘अकाउंट्सवाले साहेब’ लाइनवर आले. व्हिडिओ कॉल, अंगात गणवेश, कॅमेरा छातीवर धरलेला, चेहरा अर्धाच. त्यांनी समजावलं की आर्मीचं खातं साध्या खात्यासारखं नसतं. आधी व्यापाऱ्याचं खातं ‘व्हेरिफाय’ करावं लागतं: तुम्ही 5 रुपये पाठवा, तुमचे 5 आणि आमचे 5 असे 10 परत येतील. मी 5 पाठवले आणि खरंच 10 आले. पाच रुपयांच्या नफ्यावर माणूस किती भरवसा ठेवतो ते त्या दिवशी कळलं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्यांनी क्यूआर कोड पाठवला, त्यावर 17,300 आकडा आधीच भरलेला. ‘स्कॅन करो, पिन डालो, 34,600 आपके खाते में.’ मी पिन टाकला. खात्यातून 17,300 गेले, आलं काहीच नाही. साहेब शांतपणे म्हणाले की व्यवहार अर्ध्यात अडकलाय, तीच रक्कम पुन्हा टाकली की दोन्ही सुटतील. पुन्हा टाकली. आवाजात दरडावणी नव्हती, उलट मलाच धीर देत होते. मागे वायरलेससारखी खरखर ऐकू येत होती, बहुधा तीही बनावटच.

तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?’

एवढं सरळ वाक्य. मी काय केलं असेल? तिच्यावर खेकसलो. ‘फौजेचा माणूस आहे तो, काही पद्धत असते त्यांची!’ आणि तिसऱ्यांदा 17,300 टाकले. चौथ्यांदा मागितले तेव्हा तिने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि पेंढ्यात टाकला. 51,900 रुपये. त्या वर्षी बागेच्या फवारणीचं बिल साधारण एवढंच झालं होतं.

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेताना पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मासळीवालीला रोज तसेच पैसे देतो. पण गणवेश दिसला आणि ठाऊक असलेलं सगळं बाजूला पडलं. समोर साधा पर्यटक असता तर त्याला म्हटलं असतं, ‘भाऊ, नंबर घे, त्यावर टाक, नाहीतर ये तेव्हा दे.’ फौजीला तसं म्हणणं मला अपमान वाटला. त्यांनी नेमकं हेच हेरलेलं असतं. म्हणून तर घर भाड्याने देणारे, जुनी गाडी-फ्रिज विकणारे, डबे पुरवणारे, सगळ्यांना हे ‘आर्मीवाले’ होऊनच फोन करतात.

संध्याकाळी खालच्या आळीतल्या सुभेदारकाकांकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, 1971 च्या लढाईतले. चष्मा लावून त्यांनी फोटो पाहिले. ‘कार्डावर काय लिहिलंय? हवालदार. आणि बाहीवर फिती किती? दोन. दोन फितींचा नाईक असतो, हवालदाराला तीन. तुझ्या डोळ्यांसमोर होतं की रे.’ मग ओळखपत्राच्या फोटोवर बोट ठेवलं. ‘आणि हे कार्ड असं कुणी रस्त्यावर वाटत नाही. खरा जवान तुला हे मोबाईलवर कधीच पाठवणार नाही.’

म्हटलं, दहा पेट्यांचं काय? काका हसले. पलटणीचं राशन आर्मी सर्व्हिस कोरकडून येतं, कुणी हवालदार नकाशावर पाटी बघून युनिटसाठी आंबे मागवत नाही. ‘आर्मी अकाउंट’ नावाचा वेगळा प्रकारही नाही. जवानाचा पगार तुमच्या-आमच्यासारख्याच बँकेच्या खात्यात जमा होतो, आणि तो चहाचे पैसेही तुमच्या-आमच्यासारखेच देतो. फोटोतला माणूस खरा जवान असण्याचीही शक्यता आहे, कारण अशा चोरीत खऱ्या सैनिकांची कागदपत्रं फिरवली जातात. माझे पैसे गेले, त्या बिचाऱ्याचं तोंडच गेलं!

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी फोन केला तो रात्री. इथे माझी दुसरी चूक. दुपारभर मी त्याच ठगाला फोन करून ‘सर, प्लीज’ करत बसलो होतो. 1930 ला जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकण्याची शक्यता जास्त, कारण ही टोळी तासाभरात रक्कम चार खात्यांतून फिरवते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपा. माझ्या 51,900 पैकी 11,400 एका परराज्यातल्या खात्यात गोठवले गेले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागला, त्यासाठी दापोलीला पाच खेपा झाल्या आणि ते पावसाळ्यानंतर हातात आले. बाकीचे गेले ते गेलेच. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘ऑनलाइन टाका’ म्हणून वाटेला लावलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंमलदाराने नीट लिहून घेतलं. बँकेत तर मलाच विचारलं, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ टाकला, मीच टाकला.

त्या रात्री पाटी उतरवायची म्हणून मी पक्कड घेऊन फाटकाशी गेलो होतो. सुभेदारकाकांनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी काढायला लावली, म्हणाले, रत्नागिरीला जायचंय.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मला वाटायचं हे काहीतरी कँपातलं, आपल्यासारख्यांनी जायचं ठिकाण नव्हे. बाहेर बाकावर माजी सैनिक आणि डोक्यावर पदर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीच्या निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला वेळेत गेला नव्हता म्हणून पैसे थांबले होते. आता सगळं ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन पद्धतीवर गेलंय. प्रयागराजहून चालणारा कारभार आणि ही बाई खेडच्या पलीकडच्या वाडीतली, बोटाचे ठसे झिजलेले, मशीन ओळखत नाही. गावच्या महा-ई-सेवा केंद्रवाल्याने दर नोव्हेंबरात अर्धा तास बसून एवढं केलं असतं तर तिचा दिवस आणि गाडीभाडं वाचलं असतं.

2022 च्या आधी भरती झालेल्या साध्या शिपायाला साधारण पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्ती मिळते. म्हणजे चाळिशीही गाठलेली नसते. गावी येऊन तो करणार काय? गाडी चालवता येते, जनरेटर येतो, शिस्त आहे. असे लोक हवे असतील तर या कार्यालयात मागणी करता येते. मी केली. सध्या आमची गाडी एक माजी नाईक चालवतो. पर्यटकांना सुवर्णदुर्ग दाखवायला नेतो आणि वेळेआधी दहा मिनिटं फाटकाशी उभा असतो, त्याची तेवढी एकच कटकट. पंधरा वर्षं पूर्ण न करता बाहेर पडलेल्यांना बहुधा निवृत्तिवेतनच नसतं. त्यांच्यातल्या पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान आहे, पण अर्ज कोणी करायचा? आमच्याच वाडीत असा एक म्हातारा निघाला. आम्ही त्याला वर्षानुवर्षं ‘मिलिटरीवाला’ म्हणून नुसती हाक मारत होतो.

पैसे द्यायचेच असतील तर ध्वजदिन निधी आहे. 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन, 1949 पासून चालत आलेला. शाळेत आपण छोटे झेंडे विकत घ्यायचो तो हाच. आपल्याकडे त्याचं संकलन जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत होतं आणि सैनिक कल्याण कार्यालयात रक्कम भरली की पावती मिळते. सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दल यांतल्या हुतात्म्यांच्या घरच्यांसाठी गृह मंत्रालयाचं ‘भारत के वीर’ हे वेगळं पोर्टल आहे. ‘रोज 1 रुपया टाका, त्यातून सैन्यासाठी शस्त्रं घेणार’ असा खाते क्रमांकासह फिरणारा निरोप मात्र पुढे पाठवू नका. शस्त्रखरेदीचा तो दावा खोटा असल्याचं सरकारने जाहीर केलेलं आहे. एसटी स्टँडवर दिवाळीत ‘जवानांना फराळ’ म्हणून डबा फिरवणाऱ्यांनाही मी आता विचारतो, कुठल्या पलटणीला, पावती आहे का? खरे असतात ते पावती काढतात. उरलेले दुसऱ्या गाडीकडे वळतात.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा एक ‘जय हिंद सर’ आला. आवाज दुसरा, गोष्ट तीच, या वेळी सहा खोल्या. (आमच्याकडे चारच आहेत.) मी म्हटलं, या, खोल्या ठेवतो, आगाऊ एक रुपया नको, आल्यावर निम्मंच घेईन. तो म्हणाला, आर्मीच्या नियमात आगाऊ द्यावंच लागतं. असा आग्रहाने पैसे देणारा माणूस! फोन काकांकडे दिला. त्यांनी हिंदीत फक्त युनिट आणि टपालाचा पत्ता विचारला. फील्डमधल्या पलटणीला पत्र पाठवायचं तर गावाचं नाव लागत नाही, 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) लिहिलं की पोहोचतं. त्याने ‘बॉर्डर कँप, राजस्थान’ असं सांगितलं. काका त्याला पुढे काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण माजी नाईक खूश झाला.

पाटी तिथेच आहे. रंगाऱ्याकडून खाली एक ओळ वाढवून घेतली: ‘सवलत इथे आल्यावर. आगाऊ काहीही घेत-देत नाही.’ त्याने ‘आगाऊ’ एवढं मोठं काढलंय की रस्त्यावरून तेवढंच वाचता येतं. सुभेदारकाका म्हणतात, असू दे, इतक्या वर्षांनी फाटकावर मालकाचं नाव आलं.