लेकीच्या कार्डावर सहा महिने: वॉशिंग्टन काउंटी फ्री लायब्ररी, हेगर्सटाउन

आधीच सांगते, कार्ड माझ्या नावाचं नाही, लेकीच्या नावाचं आहे. मी नाशिकहून अमेरिकेत सहा महिन्यांसाठी आलेली आजी. पश्चिम मेरीलँडचा हा भाग म्हणजे शेतं, टेकड्या आणि मधूनच एखादं गाव. घराजवळून बस नाही आणि मला गाडी येत नाही. त्यामुळे लेक-जावई कामावर गेले की मी आणि खिडकी. पहिला महिना असाच गेला.

मग शनिवारी बून्सबरोच्या शाखेत जायला लागलो. नात गोष्टींच्या पुस्तकांकडे पळते, मी मोठ्या ठशाच्या कपाटाकडे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षराशी अजून माझं जमत नाही. हवं ते पुस्तक शाखेत नसेल तर लेक रात्री घरूनच नोंदवते, आलं की पुढच्या फेरीत घ्यायचं. आठवड्याला तीन-चार तरी वाचून होतात. कार्डाला पैसे नाहीत, हे माझ्या यजमानांना फोनवर तीनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या महिन्यात हेगर्सटाउनच्या मुख्य लायब्ररीत गेलो. तिथे स्थानिक इतिहासाची वेगळी खोली आहे, वेस्टर्न मेरीलँड रूम. माझा अर्धा जीव तिथेच अडकला. तिथे एका जुन्या फोटोत पुस्तकं घरोघर नेणारी दोन घोड्यांची गाडी होती, बाहेरच्या अंगाला पुस्तकांचे कप्पे. फोटो बघितला आणि मागचं सगळं वाचून काढलं.

लायब्ररीची स्थापना 1898 ची, दारं उघडली 1901 मध्ये. पहिल्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम, त्या व्हरमाँटमधून आलेल्या. नाव काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, पण इमारत शहरात, हे बाईंना पटेना. म्हणून त्यांनी गावोगावच्या दुकानांत, पोस्टांत तीस-तीस पुस्तकांच्या पेट्या ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत अशी 66 ठिकाणं झाली. (आमच्या नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेटीत 100 असतात, हे इथे अभिमानाने नोंदवते.) पण पेटी गावच्या दुकानापर्यंतच. दुकानापासून चार मैलांवर मळ्यात राहणारी बाई काय करणार? दूध, कोंबड्या, पोरं सोडून ती पुस्तक बदलायला थोडीच येते! म्हणून 1905 च्या एप्रिलमध्ये गाडी निघाली. पुस्तक माणसाकडे जाईल, माणसाने पुस्तकाकडे यायची वाट आम्ही बघणार नाही, अशा अर्थाचं बाईंनी लिहून ठेवलंय. मी वाचलं आणि मला माझी खिडकी आठवली.

गाडी हाकायचे लायब्ररीचेच झाडलोट-देखभाल करणारे कर्मचारी, जोशुआ थॉमस. बाईंचं नाव सगळीकडे आहे, आणि असावंच, पण चिखलातून घोडे नेणाऱ्या थॉमसना मिळते ती एखादी ओळ. हे मला खटकलं. दारात उभं राहून ‘काय वाचाल?’ विचारणारा माणूस तोच ना?

सगळ्यात गंमत रंगाची. गाडी आधी काळ्या रंगाची होती. एका घरून लांबूनच सांगितलं गेलं की इथे थांबू नका, मढ्याच्या गाडीचं आमच्याकडे काही काम नाही. त्यानंतर चाकांना आणि दारांना लाल रंग दिला! ऐन वाचनशांततेच्या खोलीत मी मोठ्याने हसले.

1910 मध्ये सेंट जेम्सजवळच्या रेल्वे फाटकावर मालगाडीने या गाडीचा चुराडा केला. त्याच 1910 साली सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि तिकडे खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही, फक्त साल बघून अंगावर काटा आला. इथे मात्र दोन वर्षं गाडीच नव्हती. 1912 मध्ये आली ती मोटारट्रक होऊन.

अमेरिकेतलं हे पहिलं फिरतं ग्रंथालय मानतात. जगातलं पहिलं म्हणायला मात्र जाऊ नका, इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनला 1850 च्या दशकातच घोड्याच्या गाडीतून पुस्तकं फिरत होती. माझ्या जावयाने पाहुण्यांना ‘जगातलं पहिलं’ सांगितलं, मी तिथल्या तिथे सुधारलं.

पुढच्या महिन्यात मी परत जातेय. कोणाचे आई-वडील इकडे येणार असतील तर ते विमानात बसायच्या आधी तुमच्या नावाचं कार्ड काढून ठेवा, आल्यावर जेट लॅगमध्ये पहिला आठवडा उगाच जातो. आणि शनिवारी निघताना घरून कापडी पिशवी न्या. पहिल्या खेपेला मी अकरा पुस्तकं ओढणीत बांधून गाडीपर्यंत आणली होती, नात अजून सगळ्यांना करून दाखवते.